आकडा जुळला, कपॅसिटर नाही

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये खिडकीजवळ एक पिवळट पडलेला पीसी आहे. मेकॅनिकलवाले त्याला ओळखतात. बाकीच्यांसाठी सांगते: त्याच्या शेजारी जे दोन खांबांचं धूड उभं आहे ते यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. ते नमुन्याला दोन्हीकडून धरून तुटेपर्यंत ओढतं, आणि किती जोर लागला, किती ताण बसला याचे आकडे तेवढ्या वेळात हा पीसी लिहून घेतो. पेंटियम थ्री, विंडोज ९८, आणि आत एक लांबलचक कार्ड, जे फक्त जुन्या आयएसए स्लॉटमध्येच बसतं. नवा पीसी आणला तर कार्ड बसत नाही. नवं कार्ड आणलं तर मशीन त्याच्याशी बोलत नाही. सगळंच नवं आणायचं म्हटलं की कोटेशनचा आकडा ऐकून एचओडी सर पंख्याकडे बघायला लागतात. थोडक्यात, हा पीसी जगवण्याला पर्याय नाही.

गेल्या सप्टेंबरात तो चालू होईना. पंखा फिरायचा, स्क्रीन काळी. मी इलेक्ट्रॉनिक्सची, सोल्डरिंग बरं येतं, म्हणून बोलावणं आलं. झाकण उघडलं तर रोग डोळ्यांनीच दिसत होता. प्रोसेसरच्या भोवती सहा कपॅसिटर ओळीने उभे, आणि सहाही जणांची डोकी पुरीसारखी टम्म फुगलेली. दोघांच्या डोक्यावर तपकिरी खपली. अंगावर छापलेलं होतं: १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट.

मला वाटलं, यात काय आहे? बाजारात गेले, १५०० मायक्रोफॅरड मागितले. दुकानदाराने १० व्होल्टचे काढून दिले, चार रुपयाला एक. व्होल्टेज जास्तच आहे म्हणजे आणखी मजबूत, असं म्हणून मी सहा घेतले, दुपारभर बसून लावले, बटण दाबलं आणि पीसी सुरू! लॅबमधल्या काकांनी वडापाव खिलवला. त्या संध्याकाळी मी जरा छाती काढूनच चालत होते.

अकरा दिवस.

बाराव्या दिवशी एम. ई.चा एक दादा नमुने घेऊन बसला होता. काथ्याचे धागे आणि इपॉक्सी यांचा त्याने स्वतःच्या हाताने केलेला कॉम्पोझिट. साच्यात थर लावायचा, एक दिवस वाळू द्यायचं, कापायचं, कडा घासून सारख्या करायच्या. एका बॅचचे पाच नमुने. तिसरा नमुना निम्मा ताणला गेला आणि पीसी गोठला. मशीन त्याच्या तंद्रीत ओढतच राहिलं. कट्‌ असा आवाज झाला, नमुना तुटला. आलेख मधेच थांबलेला, पहिल्या दोन नमुन्यांची फाईलही परत उघडेना. तुटलेला नमुना पुन्हा तोडता येत नाही. दादा मला काही बोलला नाही, आणि ते जास्त लागलं.

पुढे सरांनी माझे कपॅसिटर काढून एलसीआर मीटरवर लावले. शंभर हर्ट्झला मोजले तर १४०० च्या पुढे, म्हणजे उत्तम. आकडा अजूनही जुळत होता. मग सरांनी फ्रिक्वेन्सीचं बटण एक लाख हर्ट्झवर नेलं आणि दुसरा एक आकडा दाखवला, ज्याच्याकडे मी बाजारात बघितलंच नव्हतं. हा लेख त्या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे. खरं म्हणजे त्याच्याही मागच्या प्रश्नाबद्दल: हा कपॅसिटर इथे नेमकं काय काम करतोय?

कपॅसिटर म्हणजे काय हे आपण अकरावीपासून लिहीत आलोय. दोन प्लेट, मधे डायइलेक्ट्रिक, क्यू इज इक्वल टू सीव्ही. (मराठीत त्याला धारित्र म्हणतात हे मला रूममेटने सांगितलं. ती झेडपीच्या शाळेतली, मी कॉन्व्हेंटची. या लेखातले निम्मे शब्द तिने दुरुस्त केलेत, उरलेले मी हट्टाने तसेच ठेवलेत.) पण बोर्डावर बसलेला कपॅसिटर समजायचा तर आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी बघावी. टाकीत किती लिटर मावतं ते म्हणजे मायक्रोफॅरड. भिंती किती दाब सोसतील ते म्हणजे व्होल्ट. आणि तिसरी गोष्ट आपण सगळे रोज सकाळी सात वाजता भोगतो: टाकी गच्च भरलेली, पण खाली येणाऱ्या पाइपात क्षार साचलेले, त्यामुळे चार नळ एकदम सोडले की करंगळीएवढी धार. टाकीत पाणी आहे, पण हवं तेव्हा हवं तेवढं मिळत नाही. कपॅसिटरच्या पोटातला हा चोंदलेला पाइप म्हणजे ईएसआर, इक्विव्हॅलंट सिरीज रेझिस्टन्स.

आता प्रोसेसरजवळच्या त्या सहाजणांचं काम बघा. सप्लायमधून पाच व्होल्ट येतात, प्रोसेसरला हवेत दोनपेक्षाही कमी. मधला रेग्युलेटर सेकंदाला दोन-तीन लाख वेळा चालू-बंद होऊन ते व्होल्टेज उतरवतो. प्रत्येक वेळी कपॅसिटरमध्ये करंट आत जातो, बाहेर येतो. त्याला रिपल करंट म्हणतात. समजा एका कपॅसिटरच्या वाट्याला दोन अँपिअर आले. चांगल्या लो-ईएसआर कपॅसिटरचा ईएसआर ०.०२५ ओहम धरला तर आय स्क्वेअर आर काढा: दशांश एक वॅट. माझ्या चार रुपयांवाल्याचा ईएसआर पाकिटातून काढल्या काढल्या ०.१२ ओहम भरला. म्हणजे जवळजवळ अर्धा वॅट. एवढ्याशा डबीत अर्धा वॅट! डबी तापते, आतलं द्रावण सुकतं, द्रावण सुकलं की ईएसआर वाढतो, ईएसआर वाढला की आणखी तापते. अकरा दिवसांनी तोच कपॅसिटर ०.९ ओहम दाखवत होता. सर म्हणाले, अकरा दिवस टिकला हेच नवल.

म्हणून खरेदीच्या वेळी पाहायची पहिली गोष्ट मायक्रोफॅरड नव्हे तर सिरीज. प्रत्येक कपॅसिटरच्या अंगावर कंपनीच्या नावाजवळ दोन-तीन अक्षरं असतात, ती त्या सिरीजची. पॅनासॉनिकची एफआर, रुबिकॉनची झेडएलएच, निचिकॉनची एचई या लो-ईएसआर घराण्यातल्या. नावं पाठ करायची गरज नाही, मला एक सोपी खूण सापडली आहे. डेटाशीट उघडा. त्यात एक लाख हर्ट्झला इम्पीडन्स किती आणि रिपल करंट किती हे छापलेलं असेल तर तो स्विचिंग सप्लायच्या कामाचा. फक्त १२० हर्ट्झचा टॅन डेल्टा देऊन विषय संपवला असेल तर तो साधा, जनरल पर्पज. साधा म्हणजे वाईट नाही. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या जुन्या अँप्लिफायरमध्ये, जिथे शंभर हर्ट्झचाच रिपल असतो, तिथे तो वर्षानुवर्षं चालेल. चूक त्याची नव्हती, मी त्याला भलत्या जागी बसवला.

दुसरी गोष्ट तापमान. माझे होते ८५ डिग्रीवाले, मूळचे १०५ चे. कपॅसिटरचं आयुष्य त्या कमाल तापमानाला तासांमध्ये दिलेलं असतं, आणि ढोबळ नियम असा की तापमान दहा डिग्रीने उतरलं की आयुष्य दुप्पट. समजा दोघांचंही आयुष्य २००० तास आणि डबीच्या आत ६५ डिग्री. १०५ वाला चाळीस डिग्री खाली आहे, म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळा पट, ३२,००० तास. अहोरात्र चालला तरी साडेतीन वर्षं. ८५ वाला फक्त वीस डिग्री खाली, चार पट, ८,००० तास. वर्षही पुरं नाही. किमतीतला फरक एका कटिंग चहाचा.

व्होल्टेजबद्दल मात्र माझा समज अर्धा बरोबर होता. मूळच्याएवढं किंवा जास्त घ्यावं, कमी कधीच नाही. पण जास्त म्हणजे किती? ६.३ च्या जागी १० चालेल, ५० चा घेतला तर डबी एवढी लठ्ठ येते की शेजाऱ्याला ढकलते. फूटपट्टी किंवा व्हर्नियर घेऊन व्यास, उंची आणि दोन पायांमधलं अंतर मोजूनच दुकानात जावं. मायक्रोफॅरडचंही तसंच. इलेक्ट्रोलिटिकमध्ये वीस टक्के इकडेतिकडे मुळातच गृहीत असतं, त्यामुळे फिल्टरच्या जागी थोडा वरचा आकडा खपून जातो. पण जिथे कपॅसिटर आणि रेझिस्टर मिळून वेळ मोजतात, रिसेट सर्किट, ऑसिलेटर, तिथे आकडा होता तोच घ्यावा.

हे सहाजण फुगले का, याचाही एक इतिहास आहे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर लाखो मदरबोर्ड असेच मेले. इंग्रजीत त्याला कपॅसिटर प्लेग असंच नाव पडलं. ईएसआर कमी करण्यासाठी आतल्या द्रावणात पाण्याचं प्रमाण वाढवलं गेलं, पण पाणी अॅल्युमिनियमला खाऊ नये म्हणून जी रसायनं घालायला हवीत ती काही उत्पादकांच्या द्रावणात धड नव्हती. पाणी आणि अॅल्युमिनियमची प्रक्रिया झाली की हायड्रोजन सुटतो, डबी फुगते. डोक्यावर जी फुलीसारखी खाच असते ती नक्षी नाही, स्फोट होण्याऐवजी तिथून फाटावं म्हणून मुद्दाम केलेली कमजोर जागा आहे. डेल कंपनीने २००५ साली सदोष कपॅसिटरचे बोर्ड बदलण्यासाठी सुमारे तीस कोटी डॉलर बाजूला काढले होते. म्हणजे त्या काळातला बोर्ड हातात आला आणि एकच फुगलेला दिसला, तरी त्या सिरीजचे सगळे बदलावेत. न फुगलेले आज ना उद्या रांगेतच आहेत.

दुसऱ्या वेळी कपॅसिटर मागवले ते डेटाशीट वाचून, अठरा रुपयाला एक. तो पीसी तेव्हापासून चालू आहे. दादाच्या नव्या नमुन्यांच्या कडा दोन रविवार बसून मी घासून दिल्या.

आता काही खड्डे, ज्यात मी पडले नाही पण काठापर्यंत गेले होते. इलेक्ट्रोलिटिकवर पट्टा असतो तो मायनसच्या बाजूला. टँटलमवर पट्टा किंवा खूण असते ती प्लसच्या बाजूला. अगदी उलट! बोर्डावर छापलेल्या गोलाचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी मायनस, पण काही बोर्डांवर प्लस. त्यामुळे जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि मग मीटरने ग्राउंड शोधून खात्री करा. इलेक्ट्रोलिटिक उलटा लावला तर फुटतो, टँटलम उलटा लावला तर पेटतो.

टँटलमचं आणखी एक नाटक म्हणजे तो म्हातारपणी बहुधा शॉर्ट होतो. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीत १२ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचे टँटलम आहेत. त्यातला एक शॉर्ट झाला की सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि मशीन मेल्यासारखं दिसतं. बदलताना १६ चा परत लावू नये, लाइनच्या निदान दुप्पट, म्हणजे २५ किंवा ३५ व्होल्टचा लावावा. हल्लीचे घन पॉलिमर कपॅसिटर प्रोसेसरजवळ उत्तम. त्यांचा ईएसआर फारच कमी आणि सुकायला द्रावणच नाही. पण उगाच सगळीकडे बसवू नयेत. काही जुने रेग्युलेटर कपॅसिटरचा थोडा ईएसआर असेल असं धरूनच डिझाइन केलेले असतात. तो फार कमी झाला तर ते स्थिर राहत नाहीत, डोलायला लागतात. कमी ईएसआर म्हणजे नेहमीच चांगला, हासुद्धा न विचारता जुळवलेला आकडाच.

इथे लेख संपला असता. पण लॅबच्या काकांच्या लेखी मी आता कपॅसिटरवाली झाले होते. जानेवारीत त्यांनी मला स्टोअरमध्ये नेलं, वरच्या फळीवरून एक खोकं काढलं आणि म्हणाले, “अगं, हे बघ. मार्चच्या डेड स्टॉक तपासणीत हे राइट ऑफ होणार. त्याआधी एकदा चालू होतं का बघशील?”

आत बीबीसी मायक्रो होता. फिकट बदामी रंगाचा, कीबोर्डवर लालसर फंक्शन कीज. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस काढलेला हा कॉम्प्युटर, ६५०२ प्रोसेसर, दोन मेगाहर्ट्झ, मॉडेल बी असेल तर ३२ केबी रॅम. आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांत कॉम्प्युटर शिकवण्यासाठी क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा हेच मशीन निवडलं होतं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते युनिकॉर्न या नावाने इथे बनवलंसुद्धा. शाळेतल्या शिक्षकांना शिकवण्यासाठी कॉलेजांत केंद्रं उघडली होती. काका म्हणतात आमचं मशीन त्याच काळातलं. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांना लॅबमध्ये फक्त पुसायला परवानगी होती. एका सरांनी सुट्टीत बसवून त्यांना बेसिकमधला पहिला प्रोग्रॅम शिकवला, तो याच्यावर. काका मे महिन्यात रिटायर होतायत. मशीन त्यांच्याआधी भंगारात जाऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं.

मी “सप्लाय आधी उघडून बघूया” म्हणेपर्यंत काकांनी प्लग लावलासुद्धा. बूप-बीप असा दुहेरी आवाज आला, टीव्हीवर बीबीसी कॉम्प्युटर ३२के अशी ओळ, खाली प्रॉम्प्ट. काकांचे डोळे भरून आले. सात-आठ मिनिटं सगळं आलबेल. मग फट्‌! मागच्या बाजूने पांढरा दाट धूर, माशासारखा जळका वास. मी धावत जाऊन प्लग ओढला. गंमत म्हणजे प्लग ओढेपर्यंत प्रॉम्प्ट तसाच लुकलुकत होता.

सर आल्यावर, त्यांच्यासमोर, सप्लाय उघडला. घाई केली नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसून असू शकतात. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची मर्दुमकी करू नये. दहा हजार ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावला, अर्धा मिनिट थांबलो, मीटरवर शून्य पाहिलं, मगच हात घातला.

फुटलेला होता तो इलेक्ट्रोलिटिक नव्हता. मेनच्या दोन वायरींमध्ये, फेज आणि न्यूट्रलवर सरळ आडवा बसणारा ०.१ मायक्रोफॅरडचा चौकोनी तुकडा, आणि त्याच्या जोडीला ०.०१ चा धाकटा. दोघांची पारदर्शक पिवळट कवचं, आणि त्यांवर केसासारख्या बारीक चिरा. आत असतो धातूचा पातळ थर दिलेला कागद. त्या काळी ही युक्ती चांगलीच होती. एखाद्या ठिकाणी भोक पडलं तर तिथला धातू जळून जातो आणि कपॅसिटर स्वतःच बरा होतो. पण चाळीस वर्षांत कवच तडकतं, चिरांमधून दमट हवा आत जाते आणि कागद ती पिऊन बसतो. स्टोअरच्या फळीवर इतके पावसाळे काढलेल्या कागदाकडून आणखी काय अपेक्षा करणार?

काकांनी अगदी इंजिनिअरचा प्रश्न विचारला. “धूर निघाला तरी चालू होतं ना? मग हा काढूनच टाक की!” खरं आहे, काढला तरी मशीन चालतं. कारण त्याचं काम मशीनला वीज देणं नाही. सप्लायच्या स्विचिंगची खरखर मेनमध्ये परत जाऊ नये आणि मेनमधली आत येऊ नये, यासाठी तो दारात बसलेला पहारेकरी आहे. तो नसला तर शेजारच्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप कुरकुरेल. पण पहारेकरी दारातच बसतो म्हणून पहिला मार त्यालाच, आणि म्हणूनच त्याच्या जागी कोणालाही बसवून चालत नाही.

तपकीर गल्लीत दुकानदाराने मला ०.१ मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर पुढे केला. “ताई, दोनशे तीसच्या लाइनला चारशेचा देतोय, आणखी काय पाहिजे?” सप्टेंबरातली मी असते तर घेऊन आले असते. त्यावर लिहिलेले ४०० हे डीसी व्होल्ट. आपले २३० आरएमएस, म्हणजे शिखर ३२५ च्या आसपास. लाइन चढली की त्याहून वर. आणि लिफ्टची मोटर बंद होताना किंवा जवळपास वीज पडताना क्षणभर हजारांच्या घरातले व्होल्ट येतात. साधा कपॅसिटर त्यात शॉर्ट झाला तर फेज आणि न्यूट्रल जोडले जातात. पुढे फ्यूज आधी उडतो की कपॅसिटर आधी पेटतो, हे त्यांच्या नशिबावर.

मेनवर बसवायच्या कपॅसिटरची म्हणूनच वेगळी जात आहे: एक्स आणि वाय. एक्स म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मधे बसणारा, वाय म्हणजे यातली एखादी वायर आणि अर्थ यांच्या मधे. घरगुती उपकरणात नेहमीचा एक्स-टू, त्याची अडीच हजार व्होल्टच्या झटक्याची चाचणी झालेली असते आणि त्याचं कवच सहज पेट न घेणारं असतं. अंगावर एक्स-टू, २७५ किंवा ३०५ व्होल्ट एसी, आणि वेगवेगळ्या देशांच्या प्रमाणपत्रांच्या बारीक खुणांची गर्दी दिसते. पंख्याच्या कपॅसिटरवरही ४४० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं, पण तो या कामाचा नाही. वायच्या अटी त्याहून कडक, कारण एक्स शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल, वाय शॉर्ट झाला तर फेज सरळ बॉडीवर येईल आणि मग माणूस उडेल. एक्सच्या जागी तेवढ्याच व्होल्टेजचा वाय चालतो. वायच्या जागी एक्स कधीही नाही.

जाता जाता, हॉस्टेलमध्ये पीसीच्या पत्र्याला हात लावला की ज्या झिणझिण्या येतात त्या याच वाय कपॅसिटरांमुळे. फेज ते बॉडी एक, न्यूट्रल ते बॉडी एक. प्लगला अर्थिंग धड असेल तर तो इवलासा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे सव्वाशेच्या जरा खाली तरंगत राहते आणि तुमच्यातून वाट शोधते. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासचा, सहसा जीव जात नाही. पण याचा अर्थ खोलीतलं अर्थिंग गेलंय, आणि उद्या खरंच काही बिघडलं तर वाचवणारं कोणी नाही. रेक्टर मॅडम हे वाचत असतील तर ‘बी’ विंगचा दुसरा मजला, कृपया.

चौथ्या दुकानात एक्स-टू मिळाले, पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे कागद नसलेले. पायांमधलं अंतर जुन्यापेक्षा कमी होतं, म्हणून पाय वाकवून, उघडा भाग शेजारच्या ट्रॅकला लागणार नाही असं पाहून बसवले. सप्लायमधला २२० मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक गरम भागाजवळ होता, त्याचा ईएसआर चढलेला निघाला, तोही १०५ डिग्रीचा लावला. बाकीचे मोजले आणि चांगले निघाले ते ठेवले. सगळेच बदलून टाकावेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं मत वेगळं. चाळीस वर्षांच्या बोर्डावर प्रत्येक वेळी आयर्न टेकवलं की तांब्याचा ट्रॅक उचकटण्याचा धोका असतो. मीटरने दोषी ठरवल्याशिवाय, किंवा त्या जातीची अपकीर्ती माहीत असल्याशिवाय, मी तरी हात लावणार नाही. आणि हो, जुन्या दुकानातला ‘नवाच आहे, फक्त पडून होता’ असा इलेक्ट्रोलिटिक घेऊ नका. पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की तो भरपूर करंट गळू देतो.

पहिल्यांदा चालू करताना शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावला होता. आत शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता. तो क्षणभर चमकून मंद झाला, आणि पाठोपाठ बूप-बीप. बल्ब काढून थेट मेनवर लावला, तरी या वेळी आम्ही तासभर खुर्च्या मागे ओढून, प्लगवर हात ठेवून बसलो होतो. काही झालं नाही. काकांनी दोन बोटांनी टाइप केलं, टेन प्रिंट, पुढे स्वतःचं नाव, ट्वेंटी गोटू टेन, आणि स्क्रीनभर त्यांचं नाव धावत सुटलं.

मार्चच्या तपासणीत रजिस्टरमधल्या शेऱ्याच्या रकान्यात काकांनी ‘नादुरुस्त’ खोडलं आणि ‘चालू, पण सुरू होताना ओरडतो’ असं लिहिलं. ऑडिटवाल्यांनी त्यावर सही केली आहे. एक्स-टूचे दोन तुकडे माझ्याकडे उरलेत. कोणाला लागले तर न्या, पण आधी मला सांगा, ते कुठे बसवणार आहात.